ओक

रजिस्ट्रेशनचा फॉर्म मीच भरला.
आडनाव: ओक. नाव: ताए-ग्युन.
जन्मगाव गुन्सान, बंदर, पश्चिम किनारा.
खेळण्याची जागा: बचाव, मधोमध.
सेक्रेटरी जशभाई चष्म्यावरून म्हणाले,
"पागनीस, ओक म्हणजे तुमच्यातलाच ने?"
म्हटलं, असेल. कोकणही पश्चिम किनाराच.

चौतिसावं चालू होतं त्याला.
सामने तीनशे अकरा, गोल चार.
त्यात स्वतःच्या जाळ्यात मारलेला धरला आहे का,
मी विचारलं.
"धरा," म्हणाला. "लोकांना तोच आठवतो."

मी बावीस वर्षं जकातीत काढली,
गोल्डन चोकडीच्या नाक्यावर, धुळीत.
ट्रक भोंगा मारत यायचे, दोर माझ्या हातात.
अडवले त्यांची नुसती पावती फाटायची,
निसटला एखादा, तर मेमो.
जकात उठली, बांबू उपटून नेला कुणीतरी,
कोरी पावतीपुस्तकं घरी राहिली.
फुटबॉल मला कधीच कळला नाही,
पण या माणसाचं उभं राहणं पहिल्याच दिवशी कळलं.

धावायचा नाही फार.
चेंडू यायच्या आधी तिथे असायचा,
पाहुण्याची चाहूल लागलेला
दारातल्या चपला बाजूला सारून ठेवतो, तसा.

शियाबागेतल्या खोलीत, गुडघ्यावर
सोडावाल्याकडचा बर्फ धरून तो बोलायचा,
मोडकं इंग्रजी त्याचं, मोडकं माझं,
जोडून एक धड व्हायचं कधीकधी.
पंधराव्या वर्षापर्यंत पुढे खेळला.
मग एका उन्हाळ्यात वीतभर वाढला
आणि मास्तरांनी मागे ढकललं.
आई सोयाच्या पाण्यात खेकडे मुरवून विकते,
म्हणाली, बरं झालं, मागच्याला मार कमी.
नाक दोनदा मोडलं.
पावणेदोन वर्षं सैन्याच्या संघात, डोकं भादरून.
वरच्या विभागात तीन हंगाम, खालच्यात सहा,
थायलंड, मलेशिया, तिथे पगार बुडाला,
मग एजंटाचा फोन, बडोदा.
नकाशात समुद्र जवळ दिसला होता त्याला.

डांडिया बाजारातल्या ओकांनी जेवायला बोलावलं,
नुसत्या आडनावापोटी.
काकूंनी गोत्र विचारलं.
गोत्राला इंग्रजीत काय म्हणायचं, मी तिथेच अडलो.
तोच समजला. म्हणाला, उइर्योंग.
मूळ गाव. त्या गावच्या ओकाने
ओकाच्या घरात सोयरीक करायची नाही, अशी जुनी रीत.
"मग आपलंच की!" म्हणत काकूंनी
पोळीवर आणखी तूप सोडलं.

मी सामन्याला एक पावतीपुस्तक नेऊ लागलो.
अडवलेला प्रत्येक चेंडू, एक पावती.
माल: चेंडू. कोठून: उजव्या बाजूने.
वेळ: बावन्नावं मिनिट. शेरा: डोक्याने.
पोरं हसायची. हसू दे.

मकरपुऱ्याला शेवटचा सामना.
आपण एकने पुढे, तीन-चार मिनिटं उरलेली,
गोलकीपर आडवा, चेंडू रेषेकडे घरंगळतोय
आणि हा कुठून आला कोण जाणे,
बसकण मारून, पाय लांब.
चेंडू गेला बाहेर. गुडघाही गेला.
दुसऱ्या दिवशी पेपरात
गोल करणाऱ्या पोराचा फोटो.
मी ती पावती भरली नव्हती,
पेन हातातच राहिलं होतं.

करार संपल्याच्या कागदावर "कारण" असा रकाना होता.
जशभाई म्हणाले, वय लिहा.
मी वय लिहिलं.
स्टेशनवर त्याला पुस्तक दिलं, दोनशे सात पावत्या.
त्याने उलटसुलट पाहिलं,
मराठी नाही, गुजराती शिक्का, काहीच वाचता येईना,
आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं.

दिवाळीनंतर पाकीट आलं,
पोस्टमनने टाकलं डांडिया बाजारात, दुसऱ्या ओकांकडे.
आत एक फोटो: बरण्या, काळ्या पाण्यात खेकडे,
मागे, अर्धा बरण्यांआड, तो.
खिळ्याला लटकवलेलं माझं पुस्तक.
फोटोमागे लिहिलं होतं:
कागद चांगला आहे. पाठ कोरी असते.
आई त्यावर गिऱ्हाइकांचा हिशेब करते.