कॅसेटची दुसरी बाजू

हल बंदर, शहाऐंशी साल.
अकरा महिने जागून मी एक खेळ लिहिला:
गोदीतलं मांजर, अठ्ठेचाळीस किलोबाइटांत कोंबलेलं.
दुकानांतून खपल्या चारशे बारा प्रती.
शाळेच्या मैदानात तो दप्तरादप्तरात होता.
नॉरीनने हिशेबाची वही मिटली,
बोलली काहीच नाही.

मग कन्सोल आले. काळी कार्ट्रिजं, स्क्रू मारून बंद,
कुलूप आमच्या हातात, किल्ली जपानात.
साहेब म्हणाले, आता चोर उपाशी मरतील.
मेले असतील. मी परवानग्यांचे अर्ज भरत राहिलो
आणि एकही पोर मला पुन्हा कळवेना
की काका, तिसऱ्या जिन्यावर तुमची ओळ चुकलीय,
मी नीट केली.

माझी मूळ प्रत माळ्यावर बुरशीने खाल्ली.
परवा जुन्या बाजारात एक कॅसेट मिळाली,
टेपरेकॉर्डरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवलेली,
वर बालबोध अक्षरात नाव, तेही चुकीचं.
लावली. किंचाळली, करकरली,
पाचव्यांदा मांजर धावलं.
टेप तशीच फिरत ठेवली तर
पाठीमागून, जिन्याखालून एक बाई:
नेव्हिल, चहा गार होतोय!

चोरा,
गेलास का रे?