उंबरे

स्टाथिसच्या गावाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
मधे एक अक्षर आहे, घशात कुसळ अडकल्यासारखं.
दोन वर्षांमागे गेलो होतो तिथे, मे महिन्यात,
आठवड्यातून दोनदाच डोंगर चढणाऱ्या बसनं.
बसमध्ये मी, एक पाद्री
आणि कोंबड्यांच्या खाद्याची पोती.

चौकात म्हातारा चिनार, त्याच्या पोकळ खोडातून काढलेला नळ,
बारा महिने चोवीस तास वाहता,
तोटीच नाही बंद करायला.
मी पुण्याचा. मला ते पाणी बघवेना.

विजेच्या खांबावर काळ्या चौकटीचे कागद.
म्हटलं, निवडणूक असेल.
हे गेलेले, स्टाथिस म्हणाला.
जुना कागद काढत नाहीत, नवा त्याच्यावर चिकटवतात.
खांब एका बाजूनं फुगला होता.

यंदा तो इकडे आला, चाकणला कुठलंसं मशीन बसवायला.
रविवारी त्याला घाटघरकडे नेलं.
वाटेत जुन्नरला लेणी दाखवली, जरा मिरवतच:
हे बघ, दोनेक हजार वर्षांमागे कुणा यवनानं
पाण्याची दोन टाकी दान दिली, तसं कोरून ठेवलंय इथे.
तुमच्यातला!
त्यानं पाण्यात हात बुडवला, हुंगला, पँटीला पुसला.
आमच्या गावचा नसणार, म्हणाला.
आमच्यातल्यानं एक दिलं असतं
आणि दोन लिहिली असती.

घाटघरच्या अलीकडे एक वाडी आहे, जीवधनच्या सावलीत.
ठकाबाई आढारींच्या अंगणात हिरडे वाळत होते.
त्यानं एक उचलून चावला
आणि तोंड असं केलं की ठकाबाईंनी पदरात हसू कोंबलं.
मग मोठ्यांदा,
परक्याला मराठी कमी ऐकू येतं अशा खात्रीनं:
"गाव किती उंबऱ्याचं रं तुझं?"

मी अडलो.
उंबरा इंग्रजीतून पलीकडे कसा न्यायचा?
घरं म्हणून बघितलं. घरं सत्तर, तो म्हणाला.
तसं नाही, राहती.
अच्छा, धूर!
आम्ही धूर मोजतो, हिवाळ्यात, समोरच्या डोंगरावरून.
सात.
ऑगस्टमध्ये सगळे येतात तेव्हा पन्नासेक,
पण ते धरायचे नसतात.

"सात," मी सांगितलं.
"आमचं बावीस," ठकाबाई म्हणाल्या, आणि जरा ताठ बसल्या.
"शिमग्याला भरतं. ते धरीत न्हाई."
हे इंग्रजीत सांगायला मी तोंड उघडलं
तर स्टाथिस आधीच मान हलवत होता.

"आन तुमचं, पुण्याला?"
सहा विंगा, अकरा मजले, मजल्याला चार,
मी गुणाकाराला लागलो.
उंबरा म्हणून बिल्डरनं दिलेली
काळ्या ग्रॅनाइटची दोन बोटं पट्टी.
शेजारच्या दाराआड कोण राहतं ते
नावाच्या पाटीवरून ठाऊक.
"लई," मी म्हणालो.
त्यांनी पुढे विचारलं नाही. कोरा चहा ओतला.

निघताना बांधाचा एक ढासळलेला दगड
स्टाथिसनं उचलला, हातात तीनदा फिरवला
आणि असा बसवला की तो कधी पडलाच नव्हता.
शेळ्या बघत होत्या.

जानेवारीत त्याचा मेसेज.
बर्फाचा फोटो नाही, शुभेच्छा नाहीत,
नुसता आकडा: ६.

का कोण जाणे, ठकाबाईंच्या पुतण्याला, दुंदाला, फोन लावला.
रेंजसाठी तो टेकाडावर गेला, तिला हाताला धरून.
"मावशी, त्याचे सात होते ना,
आता सहा झाले."
वारा. लांबवर कुणीतरी गुरं हाकत असलेलं.
मग तिचा आवाज, तसाच मोठ्यांदा:
"कोण गेलं?"

मी विचारलंच नव्हतं.