सेकंदाला पाच भोकं

वायकोळे बाईंनी पिशवीतून फ्लॉपी काढली,
सव्वापाच इंची, जुन्या रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेली.
कडेला कात्रीनं पाडलेली खाच, तीही तिरकी.
म्हणजे दुसरी बाजूसुद्धा वापरलेली.
अठ्ठ्याऐंशी साली शाळेनं दहा घेतल्या, बाई म्हणाल्या,
आणि वापरल्या वीस.

ज्या यंत्रावर ती लिहिली ते भोक बघत नसे.
माझा ड्राइव्ह बघतो.
तबकडीतलं बारीक भोक दिव्यासमोरून गेलं
की त्याला कळतं: एक फेरा झाला, इथून मोजा.
फ्लॉपी उलटी घातली
की पाकिटाचं भोक एकीकडे, दिवा दुसरीकडे,
आणि हा फिरतो, फिरतो, तोंड उघडत नाही.

पाकिटाला पंच मार ना काका, पुतण्या म्हणाला.
अरे, आत तबकडी आहे.
ज्याचं वाचायचंय त्यालाच टोचायचं?

मग ड्राइव्हच उघडला.
डोळ्याकडून येणारी तांब्याची रेघ ब्लेडनं कापली,
मधे बसवली आठ पायांची चिप,
दोन रेझिस्टर, मेलेल्या रेडिओतला एक कपॅसिटर,
पुढच्या पट्टीला टिचभर स्विच.
एका बाजूला स्केचपेननं लिहिलं खरं,
दुसऱ्या बाजूला खोटं.
खोट्यावर केला की चिप सांगत राहते:
भोक गेलं, भोक गेलं,
सेकंदाला पाच वेळा, न चुकता.

पण मोटारीची चाल तेवढीच हवी.
चाकाखाली काळ्या रेघांची दोन वर्तुळं असतात,
आतलं आपल्या पन्नासच्या विजेचं.
ट्यूबलाइटखाली चाक फिरवलं
आणि रेघा जागच्या जागी थांबल्या, की चाल बरोबर.
ट्यूबलाइट मात्र चोकवाली पाहिजे.
अख्ख्या सावद्यात सगळ्यांनी एलईडी लावलेले,
ते लुकलुकत नाहीत, काही सांगतही नाहीत.

उरली एक, दगा सैंदाणेच्या सलूनमध्ये.
मे महिना, दुपारचे दोन, पंखा गरम हवा ढवळतोय,
एका गिऱ्हाइकाच्या गालावर अर्धा साबण.
मी आरशापुढच्या फळीवर ड्राइव्ह पालथा मांडला.
'काय करू राह्यला भो?' दगा म्हणाला, वस्तरा हवेत.
वरती ट्यूब भणभणत होती,
तिच्यात दीपनगरची वीज, वीज म्हणजे कोळसाच.
स्क्रू पाव आटा फिरवला. रेघा मागे सरकल्या.
जरा उलटा. पुढे.
आणि मग थांबल्या.
चाक फिरतंय, रेघा उभ्या.
साबणवाला खुर्चीतून उठून बघायला आला.

संध्याकाळी बाई माझ्या दुकानात स्टुलावर बसल्या.
स्विच खोट्यावर.
ड्राइव्हनं घसा खाकरला, टक टक टक,
आणि पडद्यावर हिरव्या ओळी उतरू लागल्या,
इंग्रजी अक्षरांत मराठी:
विहीर चार, फेगडेंचा मळा, पाणी एकेचाळीस फूट.
विहीर पाच, पाणी अडतीस.
विहीर नऊ, मोट मोडलेली, पाणी चव्वेचाळीस.
नववीच्या मुलींनी सुताला दगड बांधून मोजलेल्या
छप्पन्न विहिरी.

मी काही बोललो नाही.
माझ्या मागच्या गल्लीतला बोअर सातशेला गेला
तोही कोरडा.

दोन ठिकाणी अडखळला, सोळा आणि तीस.
बाई ओठ हलवत होत्या, कोणाचा मळा, कोणती वाट.
तेविसाव्या ओळीवर एकदम हसल्या,
पदर तोंडाला लावून, पासष्टीच्या बाई.
'ही खोटी आहे.
फार ऊन होतं त्या दिवशी, गेलोच नाही आम्ही.
निंबाखाली बसून कैरी खाल्ली
आणि सरांना सांगितलं बावन्न.'

बावन्न. एकही अक्षर गळलेलं नाही.
सबंध तबकडीवर सगळ्यात स्वच्छ वाचली गेलेली ओळ.

त्या गेल्यावर मी स्विच खऱ्यावर आणला.
फ्लॉपी तशीच उलटी, आत.
ड्राइव्ह फिरत राहिला,
लाल दिवा लावून,
भोक शोधत.