अर्धा किलो

बालेवाडीच्या रेंजवर माझं काम एवढंच :
पिस्तूल उभं धरायचं,
ट्रिगरला वजन अडकवायचं
आणि सावकाश वर उचलायचं.
अर्धा किलो.
खटका पडला नाही तर स्टिकर.
पडला तर परत.

वडिलांचा मंडईत गाळा होता, कांदे-बटाट्यांचा.
मापात पाप नको, म्हणायचे.
सैनिकांच्या स्पर्धेत अठरा देश आले,
सगळे माझ्या मेजासमोर रांगेत,
हत्यार पुढे करून, गिऱ्हाइकासारखे मुकाट.

हवालदार संताजी भोईटे, तरडगावचा.
त्याचा खटका पडला.
दुसऱ्यांदाही पडला.
किटबॅग उपसली त्यानं : पट्टी, तेलाची बाटली,
आईनं दिलेली अंगाऱ्याची पुडी.
स्क्रू फिरवायची बारीक चावी तेवढी नाही.

मागून एक हिरवी बाही पुढे आली.
"ये लीजिए. आधा चक्कर. ज्यादा नहीं."

नायक अजमत, चकवालचा.
त्याला व्हिसा मिळायला तीन महिने लागले होते,
त्याच्या पिस्तुलाला चार.

माझा भाऊ पूंछला आहे.
हे मी दोघांनाही सांगितलं नाही.
वजन लावलं, उचललं, खटका टिकला.
स्टिकर चिकटवताना अंगठा जरा जास्तच दाबला गेला.

दुपारी रेंज रिकामी. जेवणं उरकलेली.
हे दोघे कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे,
पिस्तुलं मोकळी.
अजमतनं खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं,
ॲल्युमिनियमचं, मिनार झिजलेले,
आणि भोईटेच्या नळीवर ठेवलं.
"अब दबाइए. सिक्का गिरना नहीं चाहिए."
पडलं. टण्ण नाही, नुसतं टिक.
पुन्हा ठेवलं. पुन्हा टिक.
"आप गोली का इंतजार कर रहे हैं.
मत कीजिए. उसे आने दीजिए."
अकराव्या वेळी नाणं नळीवर राहिलं.
भोईटे हसला नाही. श्वास सोडला फक्त,
मळणी संपल्यावर माणूस सोडतो तसा.

मग त्यानं अजमतला उभं केलं.
डोळे मीट. हात उचल. आता उघड.
हात निशाण्याच्या चार बोटं डावीकडे.
अजमत मनगट सरळ करायला गेला,
तर भोईटेनं त्याच्या बुटाला बुटानं ढकललं.
"हात को मत सरकाओ, पाय को सरकाओ."
हिंदी तरडगावची, पण पोचली.
पाय दोन अंगुळं मागे.
डोळे मीट. उचल. उघड.
बरोबर मध्ये.

माझ्या हातात डब्याचं झाकण तसंच राहिलं.
रात्री भावाचा फोन येतो, तो म्हणतो, इकडे शांत आहे.
किती शांत, ते मी कधी विचारत नाही.

सुवर्णपदक एका कझाक पोरानं नेलं,
मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं.
भोईटे सहावा, अजमत आठवा.
निरोपाला हात मिळवले दोघांनी,
फोटोग्राफर वळायच्या आत सोडलेसुद्धा.

मेज आवरताना वजनाच्या पेटीखाली
ते नाणं सापडलं.
कुणी ठेवलं, की घरंगळलं, माहीत नाही.
बस केव्हाच लोहगावच्या वाटेला लागली होती.

चार दिवसांनी औंधच्या बाजारात
चुकून तेच गेलं, मेथीच्या जुडीच्या पैशांत.
भाजीवाल्या मावशींनी तळहातावर उलटंसुलटं केलं.
"हे कुठलं गं? चालत नाही हे."
आणि परत दिलं,
वर चार मिरच्या जास्तीच्या टाकून.

रात्री कुकर चढवला,
हात ताणला, मुठीवर ते नाणं ठेवलं
आणि डोळे मिटले.
पहिल्या शिट्टीलाच पडलं.
गॅसच्या शेगडीखाली गेलं.
लाटण्यानं ओढून काढते आहे अजून.
काढलं की पाय जरा सरकवून बघेन.