शून्य दशांश एक दोन पाच

अबरगार्थ टाउन सातवे आले.
बारा जणांत सातवे.
बार्शीला भावाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला,
सातव्याला काय देतात, नारळ?

थांब, म्हटलं, नीट ऐक. पंगत समज.
पहिलं पान विजेत्याचं, थोरल्या मांडवात.
दुसऱ्याचं धाकट्या मांडवात.
एक पान कप जिंकणाऱ्यासाठी राखून ठेवलेलं,
पण यंदा कप नेला त्यानंच
जो आधीच जेवायला बसलाय,
आणि एका माणसापुढे दोन पानं मांडत नाहीत.
मग ते पान खाली सरकलं, तिसऱ्यापुढे.
उरलं एक.
त्या एकासाठी चौथा, पाचवा, सहावा आणि आम्ही
दाराशी चपला काढून उभे.

म्हणजे दुसरा कुणी दोनदा जिंकला
म्हणून तुम्ही युरोपच्या वाटेवर?
हो, म्हटलं. अगदी तसंच.

मी खजिनदार.
दिवसभर औषधांचं दुकान, सहानंतर क्लबची वही.
आधी एम्लिन लिहायचा. त्याला दिसेनासं झालं
तेव्हा वही माझ्या काउंटरवर ठेवून गेला,
डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीसकट.
मला चेंडूतलं फारसं कळत नाही.
भागाकार कळतो.

आणि युरोपात आधी कागद जातो, मग पाय.
मार्चमध्येच अर्ज भरला होता:
खुर्च्या किती, त्यात पाठीच्या किती,
पाहुण्यांना संडास किती, बायकांचे वेगळे दाखवा,
कुणा खेळाडूचा पगार थकला आहे काय.
(थकायला आधी पगार हवा.
गेथिन लोकांची छपरं दुरुस्त करतो,
गोलकीपर शाळेची बस चालवतो.)
उजेड किती, तोही मोजून.

नेरिस मीटर घेऊन रात्री मैदानभर हिंडली.
ती आकडे ओरडायची, मी टिपायची,
बोटं गारठलेली.
स्मशानाकडच्या कोपऱ्यात आकडा एकदम बसला.
आमच्याकडे रॉकेलची चिमणी असायची, तेवढा.
पुन्हा मोज, म्हटलं.
तिनं पुन्हा मोजला. तेवढाच.

उत्तर आलं: क्लबला परवाना आहे.
मैदानाला नाही.
घरचा सामना नव्वद मैलांवर, दुसऱ्यांच्या घरी.

मे महिन्यात दोन सामने, दोन्ही परगावी,
सातव्याला यजमान कोण करतो?
पहिला पेनल्टींवर निघाला.
दुसऱ्यात एकशे अठराव्या मिनिटाला
चेंडू गेथिनच्या गुडघ्यावर आपटून आत गेला.
उजव्या गुडघ्यावर.
त्याच गुडघ्याचं मलम तीन वर्षं मीच देतेय.

जुलैत दोन विमानं बदलून गेलो,
तीन गोल खाऊन आलो.
मग घरच्या, म्हणजे परक्या मैदानावर, एक-एक.
आमची चारशे बारा माणसं, सगळ्यांचे डबे,
कुणाचा तरी कुत्रा.
दोन्ही मिळून चार-एक. संपलं.

परतीच्या बसमध्ये एम्लिन शेजारी,
खिडकीकडे तोंड, दिसत नसूनही.
हाती काय लागलं, विचारलं त्यानं.
मी वही उघडली.
पात्रता फेरीत बरोबरीला अर्धा गुण.
पण तो आपला नाही, देशाच्या खात्यातला.
देशाचे चार क्लब गेले, म्हणून चारांनी भागला.
शून्य दशांश एक दोन पाच.
पाच वर्षं धरतात. मग गळतो.
त्यावरून ठरतं, पुढच्यांना किती पानं मांडायची.

तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
ब्याऐंशीचा आहे.
डोंगर उतरेपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला, परत सांग.
सांगितला.
शेवटचा पाच गाळू नकोस हं,
लोक गाळतात.

नाही गाळला.
त्याच्याखाली बसचं डिझेल लिहिलं.