रकाना

फरसाणाच्या डब्यात माती घेऊन तुस्कानोबाई आल्या,
गोराईहून लाँचने, मग दोन बस बदलून.
झाकणावर अजून तेलाचा डाग.

पहिल्या वर्षी, म्हणाल्या, भोपळ्याची पानं सुपाएवढी.
भांडुपच्या प्लांटमधला तो वाळलेला गाळ,
वास नाही, किळस नाही,
मुठीत घेतला तर चहाच्या चोथ्यासारखा.
माझ्या वहीतही नत्र चढलेलं, स्फुरद चढलेलं.
शहराने खाल्लेलं
वेलीवर परत आलं होतं.

यंदा वालाच्या पानांच्या कडा करपल्या.
वाफ्यावर पांढरं काहीतरी. बुरशी नव्हे.

मी माती भिजवली, गाळली,
मीटरची सळई पाण्यात सोडली.
आकडा थरथरत वर जात राहिला.
नको म्हणेपर्यंत बाईंनी चिमूट जिभेवर ठेवलेली.
"मीठच की! कुणाचं?"

लोणच्याच्या बरण्या विसळल्या त्यांचं,
घामट सदऱ्यांचं,
भरतीला फुटक्या गटारांत शिरणाऱ्या खाडीचं.
रकाना एवढासा. मी लिहिलं, ४.२.

"गाळ निम्मा घाला. बाकी पावसात धुऊन जाईल."

त्यांनी डबा पदराने पुसला, पिशवीत ठेवला.
दारात थांबल्या.
"धुऊन जाईल ते कुठे?"