किरकोळ

खोली रिकामी करताना गादीखाली सापडली वही,
पूर्णगडहून निघताना आईने दिलेली,
पुठ्ठ्यावर विकास सोसायटीचं नाव.

पहिलं पान, जुलै.
एसटीचा पास.
गाडी लागू नये म्हणून आवळासुपारी, दोन रुपये.
बादली ऐंशी. मग वेगळा, वीस.
झेरॉक्स चौदा पानं, चौदा रुपये,
आणि खाली बारीक अक्षरात :
एक पान काळं आलं, त्याने पैसे घेतलेच.

काय ही चिकट मुलगी!
नाझनीन सोलकर कूस बदलत म्हणायची, दिवा घालव,
आणि सहा रुपये कुठे गेले ते कळेपर्यंत
मी झोपायची नाही.

दुसऱ्या वर्षी अक्षर सैल झालं.
मांडवीच्या धक्क्यावर भेळ,
किती जणांची, लिहिलेलं नाही.
एका ओळीत 'पुस्तक, २५०'.
ते पुस्तक नव्हतं,
मारुती मंदिरापाशी कापून घेतलेले केस होते.
दिवाळीत आईने मान वळवून बघितलं,
एवढंच म्हणाली,
पुस्तक शोभतंय हो तुला.

मग एक शब्द आत आला,
उधाणाचं पाणी वईतून परसात येतं तसा.
किरकोळ साठ.
किरकोळ तीनशे.
तिसऱ्या वर्षीचा अख्खा मार्च एका ओळीत :
किरकोळ, दोन हजार.

पुढे पानं कोरी.
हिशेब फोनमध्ये गेला.
त्याला सगळं आठवतं, तारीख, वेळ, दुकानदाराचं आडनाव.
बारा ऑगस्ट, रात्री नऊ चाळीस,
कुणा खानविलकरांना एकशे नव्वद रुपये.
कशाचे?
आवळासुपारी मात्र
अजून जिभेखाली आहे.

शेवटच्या वर्षी कोळंबीच्या तळ्यांवर राबले,
महिना तीन हजार.
एक हजार घरी पाठवले.
आई म्हणाली, कशाला गो,
आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याला विचारत बसली
हे परत कसे पाठवायचे.

आज वॉर्डनबाईंनी अनामत दिली, पंधराशे, रोख.
नोटा हातात धरायची सवयच गेलीय,
दोनदा मोजल्या, दोनदा वेगळ्या भरल्या.

खाली रिक्षा थांबलीय, नाझनीन हाका मारतेय.
दारात नवी मुलगी, जैतापूरची,
बादलीकडे बघत विचारते, केवढ्याला?

वहीच्या कोऱ्या पानावर, उभ्याउभ्या :
बादली आणि मग.
रुपये शून्य.